पुढच्या सामन्याआधी बूट कुठे द्यावेत: म्हापशातील एका दुरुस्तीच्या दुकानाविषयी

महाविद्यालयीन फुटबॉल संघाच्या तयारीचा विषय निघाला की सराव, आहार, दुखापती आणि प्रतिस्पर्ध्याची खेळण्याची पद्धत यांचाच विचार होतो. खेळाडूच्या पायातले बूट त्या दिवशीच्या मैदानाला साजेसे आहेत का आणि पूर्ण सामनाभर टिकतील का, हा प्रश्न मात्र बहुतेक वेळा सामन्याच्या सकाळी, तोही कोणाचा तरी सोल सुटल्यावर पुढे येतो. गोव्यातील बारदेश तालुक्यातील एका महाविद्यालयाचा फुटबॉल संघ सांभाळणारा शारीरिक शिक्षणाचा शिक्षक म्हणून मी हा अभिप्राय लिहीत आहे. तो म्हापशाच्या बाजारातील एका लहान दुकानाविषयी आहे, जिथे फुटबॉलचे बूट शिवून, चिकटवून आणि तपासून मिळतात. दुकानाला पाटी नाही. कदंब बसस्थानकाकडून बाजारात शिरल्यावर फुटबॉलचे बूट शिवणारे कुठे बसतात असे विचारले, तर आसपासचे दुकानदार बोट दाखवतात. आमचे खेळाडू तिथल्या ज्येष्ठ कारागिरांना काका म्हणतात, तेव्हा मीही पुढे तेच संबोधन वापरतो.

आमचा पुढचा आंतरमहाविद्यालयीन सामना चवथीच्या, म्हणजे गणेश चतुर्थीच्या, सुट्टीनंतर लगेच आहे. चवथीला मुले आपापल्या गावी जातात, कोणी सत्तरीत, कोणी पेडण्यात, कोणी डिचोलीला, आणि सुट्टीआधीच्या शेवटच्या सरावात चिखलाने भरलेले बूट त्याच पिशवीत तसेच बंद राहतात. पावसाळ्यातील गोव्याची हवा ज्यांना ठाऊक आहे त्यांना पुढचे सांगायला नको. परत आल्यावर पिशवी उघडली की बुटांवर पांढरी बुरशी असते, आतला सोल सुटलेला असतो आणि पुढच्या टोकाला, म्हणजे जिथे पाय वाकतो त्याच्या जरा पुढे, तळ आणि वरचा भाग यांच्यात फट पडलेली असते. त्यात यंदाचा सामना कृत्रिम टर्फवर, म्हणजे नकली गवतावर, धुळेरच्या मैदानावर आहे, आणि आमचा रोजचा सराव तांबड्या मातीच्या मैदानावर चालतो. मैदान बदलले की बुटांच्या तळाची गरजही बदलते. म्हणून यंदा सुट्टीनंतरच्या पहिल्याच सरावाआधी मी सगळ्या खेळाडूंचे बूट एकत्र केले आणि त्यांतले दुरुस्तीयोग्य जोड घेऊन या दुकानात गेलो.

काकांनी पहिला प्रश्न विचारला तो पैशांचा नव्हता आणि दिवसाचाही नव्हता. “सर, सामना खंयच्या मैदानार?” म्हणजे सामना कोणत्या मैदानावर, एवढेच त्यांनी विचारले. मी धुळेर म्हटल्यावर त्यांनी बुटांचे दोन ढीग केले. माझ्या मते या दुकानाची खरी किंमत या एका प्रश्नात आहे, आणि त्याचे कारण सविस्तर सांगणे आवश्यक वाटते.

फुटबॉलच्या बुटांचे तळ साधारणपणे चार प्रकारचे असतात. टणक नैसर्गिक मैदानासाठी साच्यातच घडवलेले लांब स्टड, म्हणजे तळाखालचे उंचवटे, असतात, काही गोल, काही पात्यासारखे चपटे. चिखलाच्या मऊ मैदानासाठी स्क्रूने बसवायचे, लांब आणि बहुधा धातूच्या टोकांचे मोजके स्टड असतात. कृत्रिम टर्फसाठी आखूड, संख्येने जास्त आणि पुष्कळदा आतून पोकळ असे स्टड असतात. जुन्या, दाट आणि आखूड तंतूंच्या टर्फसाठी किंवा कडक मातीसाठी रबराच्या बारीक गुठळ्यांचा तळ असतो. आमच्या बहुतेक मुलांकडे पहिल्या प्रकारचा एकच जोड असतो आणि तो सगळीकडे वापरला जातो. टर्फच्या तंतूंमध्ये वाळू आणि रबराचे कण भरलेले असतात. त्यात लांब, पात्यासारखा स्टड खोल रुतला आणि खेळाडूने त्याच पायावर अंग वळवले, तर पाऊल जागच्या जागी राहते आणि पीळ गुडघ्यावर येतो. गुडघ्याच्या आतल्या अस्थिबंधाच्या ज्या दुखापतीमुळे महाविद्यालयीन खेळाडूचे अख्खे वर्ष वाया जाते, तिला असा पीळ कारण ठरू शकतो. ही बाब आम्ही शिक्षक वर्गात शिकवतो. ती बाजारात बसलेल्या कारागिराने बुटाला हात लावण्याआधी लक्षात घ्यावी, याबद्दल मला मनापासून आदर वाटला.

काकांनी केलेल्या दुसऱ्या ढिगात लांब पात्यांच्या स्टडचे बूट होते. हे बूट शिवून देतो, पण टर्फवर हे घालू नका, असे त्यांनी स्पष्ट सांगितले. स्टड रापीने (चामडे कापायच्या हत्याराने) कापून आखूड करून द्यावेत, अशी मागणी आमच्या एका मुलाने केली तेव्हा त्यांनी ती नाकारली. कापलेल्या स्टडला धारदार कड येते आणि ती समोरच्या खेळाडूच्या नडगीला लागते, हे त्यांचे कारण होते. ते नियमांनाही धरून आहे, कारण खेळाच्या चौथ्या नियमाप्रमाणे खेळाडूचे कोणतेही साहित्य स्वतःला किंवा इतरांना धोकादायक असता कामा नये, आणि पंच असा बूट पाहून खेळाडूला बाहेर पाठवू शकतात. ज्या मुलांकडे दुसरा जोड नव्हता, त्यांच्यासाठी आम्ही संघाच्या जुन्या साठ्यातून आखूड स्टडचे बूट काढले आणि तेच दुरुस्तीला दिले.

आता प्रत्यक्ष कामाविषयी. सुटलेला सोल नुसता चिकटवून देणारे पुष्कळ आहेत, आणि ते काम सामन्याच्या पहिल्या अर्ध्यातच सुटते. इथे पद्धत वेगळी आहे. आधी बूट पूर्ण वाळवतात, आणि पावसाळ्यात याला वेळ लागतो म्हणून ते घाई करत नाहीत. मग फटीतला जुना, पिवळा पडलेला गोंद रापीने खरवडून काढतात. तळाचा आणि वरच्या भागाचा, असे दोन्ही पृष्ठभाग पॉलिश पेपरने घासून खडबडीत करतात, कारण गुळगुळीत प्लास्टिकवर गोंद धरत नाही. सोल्युशन, म्हणजे बूट चिकटवायचा गोंद, दोन्ही बाजूंना पातळ लावून ते बोटाला जेमतेम चिकटेल इतके सुकू देतात आणि मगच दोन्ही भाग जुळवून दाबतात. ओले असतानाच दाबले तर आतला द्रव बाहेर पडायला वाट राहत नाही आणि जोड कच्चा राहतो. अनेक ठिकाणी चुकते ते नेमके इथेच. बुटात फर्मा (पायाच्या आकाराचा साचा) घालून तो दाबाखाली ठेवल्यावर दुसऱ्या दिवशी शिलाईला सुरुवात होते.

शिलाई हा या दुकानाचा सर्वांत चांगला भाग आहे. फुटबॉलच्या बुटाचा तळ साध्या बुटाइतका जाड नसतो. तो कडक प्लास्टिकचा आणि पातळ असतो, आणि स्टडच्या मुळाशी सुई घातली तर तिथूनच पुढे चीर जाते. काका तळाच्या वर आलेल्या कडेतून आरी घालतात, स्टडच्या मुळापासून अंतर ठेवतात आणि मेण लावलेला नायलॉनचा दोरा वापरतात. टाके फार जवळ घेतले तर छिद्रांची रांग कागदाच्या तिकिटाप्रमाणे फाटायची जागा होते, म्हणून ते टाक्यांत पुरेशी जागा सोडतात. दोरा उघडा राहिला तर जमिनीला घासून आधी तोच तुटेल, म्हणून कडेला बारीक खाच पाडून दोरा त्यात बसवतात आणि शेवटी छिद्रांवर सोल्युशनचा हात फिरवतात, जेणेकरून पाणी आत शिरू नये. आमच्या डाव्या बाजूच्या बचावपटूचा बूट मी उलटा करून पाहिला तेव्हा टाके एका ओळीत, सारख्या ताणाचे आणि बोटांच्या वाकणाऱ्या जागेवर थोडे सैल होते. त्या जागी ताण कमी ठेवला नाही तर तळ वाकत नाही आणि खेळाडूच्या टाचेला फोड येतात, असे त्यांनी सांगितले. हातांत ही समज असलेला माणूस आपल्या जवळच्या बाजारात बसतो, याचा मला फार आनंद आहे.

केवळ गोंदावर विसंबणे टर्फसाठी विशेष धोक्याचे का, हेही इथे नोंदवतो. उन्हात कृत्रिम टर्फ नैसर्गिक गवतापेक्षा बरेच जास्त तापते, आणि साधे सोल्युशन उष्णतेने मऊ पडते. मातीवर महिनाभर टिकलेला जोड टर्फवर दुपारच्या सामन्यात सुटतो, त्याचे कारण मला यात दिसते. शिलाई केलेला बूट अशा वेळी निदान पायात तरी राहतो. सामन्यात बूट अपघाताने निघाला तर खेळाडूने तो शक्य तितक्या लवकर, आणि उशिरात उशिरा चेंडू पुन्हा खेळाबाहेर जाईपर्यंत घातला पाहिजे, असा नियम आहे. तोवर त्याने चेंडू खेळला किंवा गोल केला तरी तो ग्राह्य धरतात. पण तळच सुटलेला असेल तर घालणार काय? बचावपटू बाजूरेषेवर बूट बांधत बसला की त्याच्या बाजूने प्रतिस्पर्धी आत येतो. आमच्या पुढच्या सामन्यातील प्रतिस्पर्धी संघाचा सगळा भर तर बाजूने वेगाने चढण्यावर आहे.

दुकान जे काम घेत नाही, त्याचाही उल्लेख केला पाहिजे. मधला थर पॉलियुरेथेनचा (एका प्रकारच्या प्लास्टिकचा) असलेले दोन-तीन जोड काकांनी परत केले. हा पदार्थ दमट हवेत पडून राहिला की आतून विघटित होतो, बाहेरून धड दिसतो आणि दाबल्यावर भुगा होतो. अशा थरात टाका धरत नाही. त्यांनी अंगठ्याने दाबून मुलाला दाखवले आणि पैसे घेतले नाहीत. गोलरक्षकाच्या हातमोज्यांच्या तळव्याचा लॅटेक्स फाटला होता, तोही त्यांनी घेतला नाही, कारण त्यावर शिवण घातली की पकड जाते. ब्रह्मानंद संखवाळकरांसारखा गोलरक्षक देशाला देणाऱ्या राज्यात गोलरक्षकाच्या हातमोज्यांची दुरुस्ती कोणी करत नाही याची खंत वाटते, पण लॅटेक्सचा स्वभावच तसा आहे.

चेंडूंची दुरुस्ती हे इथले दुसरे उपयुक्त काम. हाताने शिवलेल्या 32 तुकड्यांच्या चेंडूची (12 पंचकोनी आणि 20 षट्कोनी) एक शिवण उसवून आतला ब्लॅडर (हवेची पिशवी) बदलता येतो आणि शिवण पुन्हा आतल्या बाजूने बंद करता येते. शेवटचे टाके बाहेरून घालावे लागतात आणि तेच कसोटीचे असतात. उष्णतेने तुकडे जोडलेले नवे चेंडू उघडता येत नाहीत, ते घेऊन जाऊ नये. आम्ही नेलेले सरावाचे चेंडू चांगले परत आले, हवा धरून आहेत. तरीही दुरुस्त केलेला चेंडू सामन्यासाठी वापरू नये असे माझे मत आहे. नियमाप्रमाणे चेंडूचा घेर 68 ते 70 सेंटिमीटर आणि सामन्याच्या सुरुवातीला वजन 410 ते 450 ग्रॅम असावे लागते. उसवून शिवलेला चेंडू त्यात बसला तरी त्याची उसळी एका बाजूला किंचित वेगळी येते. पासिंगच्या सरावाला त्याने काही बिघडत नाही, फ्री किकच्या सरावाला मात्र बिघडते.

दराविषयी. एका जोडाची चिकटवणी आणि पूर्ण कडेची शिलाई आम्हाला 200 रुपयांना पडली, नुसत्या टोकाच्या शिलाईला त्याहून कमी. चेंडूचे काम ब्लॅडरच्या किमतीवर अवलंबून असते. नवे, बरे म्हणता येतील असे बूट घ्यायचे तर विद्यार्थ्याला त्याच्या कितीतरी पट मोजावे लागतात, आणि आमचे अर्धे खेळाडू शेती किंवा रोजंदारीवर चालणाऱ्या घरांतून येतात. मागील हंगामात एका ऑनलाइन विक्रेत्याकडून आमच्या काही मुलांनी स्वस्तातले बूट मागवले होते. त्यांचा तळ पहिल्याच पावसात सुटला आणि परतीची मुदत तोवर संपलेली होती. तेच बूट या दुकानात शिवल्यावर हंगामभर चालले, ही गोष्ट मी स्वतः पाहिलेली आहे.

व्यावसायिक संघांना हा प्रश्न पडत नाही. 2020-21 मध्ये इंडियन सुपर लीगचा संपूर्ण हंगाम फातोर्डा, बांबोळी आणि वास्को येथील मैदानांवर प्रेक्षकांविना झाला, तेव्हा प्रत्येक संघाबरोबर साहित्य सांभाळणारी माणसे होती. महाविद्यालयीन संघात तो माणूस नसतो. शिक्षक प्रशिक्षण पाहतो, अर्ज भरतो, बस ठरवतो, आणि बूट प्रत्येकाच्या नशिबावर सोडले जातात. वास्तविक या सामन्यांवरूनच पश्चिम विभागीय आंतरविद्यापीठ स्पर्धेसाठी गोवा विद्यापीठाच्या संघाचा विचार होतो, आणि सुटलेल्या तळाने खेळणाऱ्या मुलाकडे निवड करणाऱ्यांचे लक्ष वेगळ्याच कारणाने जाते. हा अन्याय मला सहन होत नाही, आणि त्यामुळेच या दुकानाची माहिती इतर महाविद्यालयांपर्यंत पोचावी असे वाटते.

उणिवा आहेत आणि त्या लपवण्यात अर्थ नाही. सर्वांत मोठी अडचण पावतीची. महाविद्यालयाच्या खात्यातून खर्च दाखवायचा तर छापील पावती लागते. इथे साध्या कागदावर आकडा लिहून मिळतो. आमच्या कार्यालयाने तो प्राचार्यांच्या सहीने मान्य केला, पण प्रत्येक कार्यालय तसे करील असे नाही. दुसरे म्हणजे कोणाचा जोड कोणता याची नोंद ठेवली जात नाही, त्यामुळे एकाच रंगाचे बूट एकमेकांत मिसळतात. आम्ही प्रत्येक बुटाच्या जिभेखाली जर्सीचा क्रमांक लिहून दिला आणि प्रश्न सुटला. दोऱ्याचा रंग काळा किंवा पांढरा एवढाच मिळतो, ज्यांना दिसण्याची काळजी आहे त्यांनी हे लक्षात घ्यावे. माझ्या दृष्टीने हा दोष नाही. दिलेला दिवस मात्र पाऊस लागला की पुढे जातो, आणि ही बाब सामन्याची तारीख ठरलेली असताना गंभीर आहे. काका तसे आधी सांगतात. ऐकणाऱ्याने ते खरे मानावे.

दुरुस्त बूट हाती आल्यावर आम्ही ते तसेच सामन्यासाठी ठेवले नाहीत. पहिल्या दिवशी मुलांनी ते घालून नुसते चालावे आणि हलके धावावे, दुसऱ्या दिवशी पासिंग, आणि त्यानंतर भाड्याने घेतलेल्या टर्फवर पूर्ण सराव, असा क्रम ठेवला. टर्फवर चेंडू आमच्या मैदानापेक्षा वेगाने सरकतो आणि उसळी अधिक सम असते, म्हणून मधल्या फळीने पहिला स्पर्श जवळ ठेवावा यावर आम्ही सर्वाधिक वेळ दिला. कॉर्नरच्या वेळी मागून धावत येणाऱ्या आमच्या उंच बचावपटूला मातीवर घसरण्याची धास्ती असायची. आखूड स्टडच्या, नीट शिवलेल्या बुटांत तो उडी घेण्याआधीचे शेवटचे पाऊल निर्धास्त टाकतो आहे, हे सरावात स्पष्ट दिसले. एका मुलाला शिवणीची गाठ आतून करंगळीला टोचत होती. बूट परत नेल्यावर काकांनी समोर बसवून गाठ दाबून सपाट केली आणि वर आतून पातळ चामड्याचा तुकडा लावला, त्याचे वेगळे पैसे लावले नाहीत. सामना अजून व्हायचा आहे, त्यामुळे बूट त्या दिवशी कसे ठरतील हे मी आज लिहू शकत नाही. सरावात मात्र एकाही जोडाचा टाका सुटलेला नाही.

जाणाऱ्यांसाठी काही सूचना. बूट धुऊन, सावलीत वाळवून आणि लेस काढून न्यावेत. चिखल लागलेला जोड काका ठेवून घेतात, पण रांगेत मागे टाकतात. सामन्याच्या आधी निदान आठवडा हाती ठेवावा, पावसाळ्यात त्याहून अधिक. शुक्रवार टाळावा, कारण त्या दिवशी आठवड्याच्या बाजारामुळे दुकानापर्यंत पोचणेही कठीण होते आणि काकांना बोलायला वेळ मिळत नाही. दुपारी जेवणानंतर दुकान बंद असते, ते चारच्या सुमारास उघडते. संपूर्ण संघाचे बूट न्यायचे असतील तर आधी एकट्याने जाऊन सांगून यावे, आणि सामना कोणत्या मैदानावर आहे ते त्यांनी विचारण्याआधीच सांगावे.